समर कॅम्प, वय वर्षं सत्तर प्लस

'तू लेखासाठीच जातीयेस ना? मग माझंही एक काम कर. बाथरूम बघून ये. आणि गच्ची.'

ही माझी आजी. वय ७८, मुक्काम नारायण पेठ, तिसरा मजला, लिफ्ट नाही. शहराच्या पश्चिम टोकाला सीनियर सिटिझन्ससाठीच बांधलेलं एक कॉम्प्लेक्स आहे, तिथे उन्हाळ्यात म्हणे जाम धमाल चालते, त्यावर फीचर करतेय, असं मी तिला फोनवर सहज सांगितलं होतं. तर तिनं थेट हेरगिरीचंच काम दिलं.

त्याला कारण आहे. डिसेंबरात आजी बाथरूममध्ये घसरली. हाड मोडलं नाही, पण दीड तास तशीच बसून होती. जानेवारीत तिनं स्वतःच कुठून तरी एका 'रिटायरमेंट होम'चं ब्रोशर आणलं आणि टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये गॅसच्या पुस्तकाखाली ठेवून दिलं. बाबांनी ते बघितलं आणि घरात तीन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. 'मुलगा असताना आई तिकडे? लोक काय म्हणतील?' हा बाबांचा मुद्दा. 'तुझ्या ठाण्याच्या दोन खोल्यांत मी दिवसभर कुणाशी बोलू?' हा आजीचा. ब्रोशर अजून ड्रॉवरमध्येच होतं.

तेव्हा मी निघाले ती दोन असाइनमेंट्स घेऊन. एक संपादकांची, एक आजीची.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. 'वृद्धाश्रम' म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर जे ब्लॅक अँड व्हाइट चित्र येतं ना, ते बाजूला ठेवा. इथे प्रत्येकाचा स्वतःचा फ्लॅट असतो, स्वतःचं किचन असतं, कुलूप-किल्ली असते. कॉमन जेवणाचा हॉल, नर्स, बाथरूममध्ये पकडायला दांडे, उंबऱ्याऐवजी उतार, खाटेजवळ धोक्याची बेल. पुण्यात 'अथश्री'सारख्या प्रकल्पांनी हा प्रकार बराच आधी रुजवला. २०२४ मध्ये तर महारेरानं ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी खास मार्गदर्शक तत्त्वंही आणली. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे लोक दहा कोटींच्या वर होते. तेव्हा हा 'दुसऱ्यांच्या घरचा प्रश्न' राहिलेला नाही, बॉस.

मी गेले त्या ठिकाणाचं नाव मात्र लिहीत नाही. तिथल्या लोकांची अट होती. 'नाव छापलंस तर माझा नातू अमेरिकेतून फोन करून विचारेल, आजोबा तुम्ही कावळे का हाकलताय?' असं एक काका म्हणाले. (त्यांना मी आधी आजोबा म्हटलं. 'काका म्हण,' लगेच करेक्शन. वय ८१.)

कावळ्यांकडे येतेच.

पाण्याची घंटा

पहिल्या दिवशी साडेअकराला मी गेटवर सही करत होते आणि आतून शाळेची घंटा वाजली. खरीखुरी, पितळी, टोल द्यायची. मला वाटलं फायर ड्रिल. बघते तर पोर्चमधले, लायब्ररीतले, कॅरमवाले सगळे हातातलं काम टाकून पाणी पितायत. वॉचमनकाकासुद्धा. मलाही कुणी तरी ग्लास धरला. 'पी. घंटा झाली.'

ही आयडिया एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची. वय वाढलं की तहान लागल्याचं शरीराला लवकर कळतच नाही. त्यात बीपीच्या काही गोळ्या पाणी बाहेर टाकणाऱ्या. म्हणजे बाहेर चाळीस डिग्री आणि आत तहान नाही, असं डेंजर कॉम्बिनेशन. 'पाणी प्या' असं नर्स सांगून थकली. कुणी ऐकेना. मग बाईंनी जुन्या बाजारातून घंटा आणली. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, दर तासाला एक टोल. साडेअकराला ताक आणि साडेचारला पन्हं किंवा कोकम सरबत, हे दोन बोनस.

'घंटा झाली की ऐकायचं, हे इतकं आत बसलंय ना,' बाई म्हणाल्या, 'की कलेक्टर म्हणून रिटायर झालेला माणूससुद्धा उठतो बघ.'

बाकी उन्हाळी कार्यक्रम भरपूर. चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालंच, त्यात वाटली डाळ वाढायला यंदा पुरुष मंडळी. मेचा पहिला रविवार हा जागतिक हास्यदिन, तेव्हा सकाळी सहाला लॉनवर सव्वाशे लोक हात वर करून खदाखदा हसत होते. (हास्यक्लबची सुरुवात डॉ. मदन कटारियांनी १९९५ साली मुंबईतल्या एका बागेत पाच जणांना घेऊन केली होती. आज जगभर हसतायत. मी मात्र सकाळी सहाला हसू शकत नाही, सॉरी.) डोळ्यांवर पट्टी बांधून देवगड, रत्नागिरी आणि कर्नाटक आंबा ओळखायची स्पर्धा झाली. त्यात आयुष्यभर 'आम्ही कोकणातले' म्हणून मिरवलेले दोघं साफ आपटले. त्यांच्याशी दोन दिवस कुणी त्या विषयावर बोलायचं नाही, असा अलिखित नियम होता.

आणि 'पंच्याहत्तरी गँग'. महाराष्ट्रात ७५ वर्षांपुढच्यांना २०२२ पासून एसटी फुकट. त्यामुळे सहा काकूंची एक टोळी पहाटेच्या गाडीनं वाईला जाऊन घाटावर बसून, कंदी पेढे घेऊन संध्याकाळी परत. त्यांच्यात यायला धडपडणाऱ्या एक काकू ७२ च्या आहेत. त्यांना अर्धं तिकीट पडतं. 'अजून लहान आहे गं मी,' त्या मला अगदी मनापासून दुःखानं म्हणाल्या.

कावळे ड्यूटी

आता गच्ची. आजीनं गच्ची का बघायला सांगितली, ते मला तिथे गेल्यावर लख्ख कळलं.

वाळवण.

लहानपणी माझा अख्खा मे महिना नारायण पेठेतल्या गच्चीवर गेलाय. आजी पहाटे कुरडयांचा चीक शिजवायची, आम्ही नातवंडं तो वाटीत घेऊन तेल घालून खायचो आणि मग हातात काठी घेऊन कावळे हाकलत बसायचो. पगार म्हणजे अर्धवट वाळलेल्या पापड्या. तुमच्याही घरी असंच असणार. मग दहावी, मग क्लासेस, मग इंटर्नशिप, मग नोकरी. आजीकडे सलग आठ दिवस राहून किती वर्षं झाली हे मी त्या गच्चीवर उभी राहून मोजलं. नऊ.

तर इथे काय, की नातवंडं नाहीत. मग कावळे कोण हाकलणार? आजोबा लोक! नोटीस बोर्डावर चक्क ड्यूटी चार्ट. सकाळी सात ते साडेआठ एक बॅच, साडेआठ ते दहा दुसरी. पुढे गच्ची तापते म्हणून सगळ्यांना खाली हाकलतात, आणि वाळवणावर जुनं मच्छरदाणीचं कापड टाकतात. मोठी छत्री, दोन खुर्च्या, पेपर आणि काठी. काठी आधीच प्रत्येकाकडे असतेच, हा ॲडव्हांटेज. माझ्या काकांनी (८१ वाले) बँकेत ३४ वर्षं काढली. 'कॅश सांभाळली तेव्हा इतकं टेन्शन नव्हतं,' ते म्हणाले. 'कावळा बघ, तो पहिल्या दिवशी नुसता पाहणी करून जातो.'

कुणालाही खाली वाकावं लागू नये म्हणून वाळवण जमिनीवर नाही, कमरेइतक्या उंचीच्या टेबलांवर होतं. लग्नाच्या मंडपवाल्याकडून टेबलं भाड्यानं आणलेली. गुडघे दुखतात म्हणून पापड बंद, असं तिथे कुणी म्हणत नाही. टेबल उंच करतात.

पण एक सांगते. तीन दिवस भिजवलेला गहू वाटणं, तो चीक मोठ्या पातेल्यात ढवळणं, हे ताकदीचं काम होतं आणि ते करत होत्या मेसमधल्या मावशी. मी सहज वय विचारलं. ६३. म्हणजे तिथल्या काही रहिवाशांपेक्षा थोड्याच लहान. त्यांच्या रिटायरमेंटचं काय, हे मला विचारायचं होतं. त्यांनीच हसून सांगितलं, 'आमचं असं काही नसतं ताई.' इथे राहायला पेन्शन लागते किंवा विकायला फ्लॅट लागतो. ही सगळी गंमत त्या गेटच्या आतली आहे, हे विसरून लिहिलं तर ते ब्रोशर होईल.

आणि सोऱ्या धरून बसलेल्या एक काकू. त्या कुणाशी बोलत नव्हत्या, भराभर कुरडया घालत होत्या. एकसारख्या गोल. दरवर्षी त्यांच्या मुलीकडे न्यू जर्सीला पार्सल जातं. यंदा मुलीनं फोनवर सांगितलं, आई, नको पाठवूस गं, इथे इंडियन स्टोअरमध्ये सगळं मिळतं.

'खरंच मिळतं,' काकू म्हणाल्या. 'मी गेले होते तेव्हा बघितलंय ना. चांगलं असतं.'

आणि तरी घातल्या त्यांनी. तेवढ्याच. दर रविवारी हॉलमध्ये तळणार म्हणे.

मे महिन्यात इथे इतके कार्यक्रम का, ते मला त्या दिवशी कळलं. दिवाळीला कुणी ना कुणी भेटायला येतं. गणपतीत मुलं घरी नेतात. मे मात्र वर्षानुवर्षं 'मुलं येणार' याचाच महिना होता. आता मुलांची मुलं समर कॅम्पला जातात, थायलंडला जातात, अमेरिकेतली तर शाळाच जूनमध्ये संपते. तो रिकामा महिना मुख्याध्यापिकाबाईंनी आणि कंपनीनं ठरवून गच्च भरून टाकलाय. कुणी तसं बोलत नाही. चार्ट लावतात.

सगळ्यांना हे आवडतं असंही नाही हं. दुसऱ्या मजल्यावर एक प्रोफेसरसाहेब आहेत, ते दार लावून पुस्तकं वाचतात. त्यांचं मत मी मुद्दाम घेतलं. 'आम्ही म्हातारे झालोय, बालवाडीत नाही गेलो,' ते म्हणाले. 'टाळ्या वाजवा, हसा, टोप्या घाला. मला दुपारी शांतता हवी. ती मिळण्यासाठी मी पैसे भरलेत.' पॉइंट आहे. पण घंटेला ते पाणी पितात का? 'ते पितो,' म्हणाले.

सावली गुल!

मेच्या मध्याला मला बाईंचा फोन. 'उद्या बाराच्या आधी ये. टोपी घालून ये. उशीर केलास तर पुढचं वर्ष.'

शून्य सावली दिवस. तुम्ही शाळेत भूगोलात झोपला असाल (मी झोपले होते) म्हणून सांगते. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असलेल्या आपल्या भागात वर्षातून दोनदा सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच गायब होते. पुण्यात हे घडतं १३ मेच्या आसपास, दुपारी साडेबाराच्या सुमारास. दुसऱ्यांदा जुलैअखेरीला, पण तेव्हा ढग असतात, त्यामुळे खरा चान्स मेमध्येच. दिल्लीवाल्यांना हा योग कधीच नाही. त्यांचा सूर्य कधीच पूर्ण डोक्यावर येत नाही. हे सांगताना बाईंच्या चेहऱ्यावर जो पुणेरी आनंद होता, तो बघायला हवा होता.

भर मेमध्ये भर दुपारी ज्येष्ठांना उन्हात काढायचं म्हणजे नर्सचा विरोध. तोडगा असा निघाला: दहा मिनिटं फक्त. १२.२५ ला बाहेर, १२.३५ ला आत, दारात ओआरएस. हार्टवाल्यांनी गॅलरीतून बघायचं. अंगणात स्टीलचे ग्लास उलटे मांडलेले, खलबत्त्यातला बत्ता, एक पितळी समई, देवघरातल्या घंट्या. आणि काठ्या. सगळ्यांच्या काठ्या ओळीनं सरळ धरून ठेवलेल्या. सावल्या आखूड होत होत काठीच्या बुडाशी आल्या आणि गेल्या. कुणी तरी शिट्टी मारली. वय ७० प्लस, दोन बोटं तोंडात घालून, परफेक्ट शिट्टी. मला अजून येत नाही.

प्रोफेसरसाहेब गॅलरीत उभे होते. मी बघितलं.

गुरुजींनी दिलेला बर्थडे

आणि आता माझा फेव्हरिट. १ जून.

तुमच्या आजोबांचं आधार कार्ड काढून बघा. जन्मतारीख १ जून असण्याचा चान्स बराच आहे. पूर्वी खेड्यापाड्यात जन्माची नोंद कोण ठेवतंय? पोरगं शाळेच्या दारात आणून उभं करायचे. गुरुजी म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धर. कान हाताला लागला की सहा वर्षं पूर्ण! शाळा जूनमध्ये उघडायची, म्हणून दाखल्यावर तारीख १ जून. अशी गावंच्या गावं एका दिवशी जन्मली. त्याचा पुढचा इफेक्ट बघा. सरकारी नोकरीत एक तारखेचा जन्म असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर करतात. म्हणून दर ३१ मेला महाराष्ट्रातली ऑफिसं धडाधड रिकामी होतात.

या कॉम्प्लेक्समध्ये १ जूनवाले इतके आहेत की एका टेबलाभोवती मावत नाहीत. तर त्यांचा कॉमन बर्थडे. हॉलच्या दारात बाई गुरुजींची काळी टोपी घालून खुर्चीवर. आत जायचं तर कान धरून दाखवायचा. फ्रोझन शोल्डरवाले नापास. 'पुढच्या जूनला या!' असा शिक्का मारून त्यांना मागच्या दारानं आत घेतात. आणि ज्यांची तारीख खरी आहे, त्यांनी त्या दिवशी केक वाढायचा आणि बशा उचलायच्या. एक साधा केक, एक बिनसाखरेचा. साध्याला जास्त गर्दी, नर्स दुसरीकडे बघत असताना.

कुरडयावाल्या काकूही १ जूनच्याच. 'आई म्हणायची, आंब्याच्या दिवसांत झालीस, मोठं वादळ आलं होतं. बस. तुम्ही मुलं रात्री बाराला केक कापता. मला साठाव्या वर्षापर्यंत कुणी वाढदिवसाचं म्हटलंच नव्हतं गं, तारीख खोटी म्हणून मीच कुणाला सांगायची नाही.' तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. न्यू जर्सी. तिकडे रात्र होती, मुलगी जागी राहिली होती. काकू फोन घेऊन खिडकीशी गेल्या.

त्या दिवशी केक वाढणाऱ्यांत माझी आजी होती.

हो. तेवढं राहिलं सांगायचं. मी माझा रिपोर्ट मेच्या सुरुवातीलाच दिला होता. बाथरूम: दोन दांडे, फरशी खरखरीत, बेल आहे. गच्ची: आहे, टेबलं उंच, कावळे भरपूर. आजीनं तो ऐकून घेतला आणि ब्रोशर ड्रॉवरमधून काढून डायनिंग टेबलवर ठेवलं. तिथे आठ दिवसांचं ट्रायल राहणं मिळतं. २८ मेला बाबा तिला गाडीनं सोडायला आले. रस्ताभर शब्द नाही. पोचल्यावर त्यांनी मॅनेजरला एवढंच विचारलं, की लाइट गेले तर लिफ्टला जनरेटर आहे का. मग जिना मोजला. मग परत लिफ्टनं जाऊन बघितलं.

आजीची जन्मतारीख खरी आहे, तिच्या वडिलांनी पंचांगाच्या मागे लिहून ठेवलेली. 'म्हणजे मला केक नाही?' तिनं बाईंना विचारलं. 'तुम्ही बशा उचला,' बाई म्हणाल्या. आजीनं पदर खोचला.

१ जूनला बाबाही आले होते. त्यांनाही दारात कान धरायला लावला. धरला.

निघताना बाबांनी विचारलं, 'आई, पाच तारखेला घ्यायला किती वाजता येऊ?'

इथे अजून एक प्रकार चालतो, तो मी मुद्दाम लिहिणार नव्हते, कारण नर्सला माहीत नाही. पहिला मोठा पाऊस कुठल्या तारखेला पडणार, यावर प्रत्येकी दहा रुपये. मोजायला गच्चीवर एक स्टीलचं पातेलं ठेवलेलं असतं, चार बोटं पाणी साठलं तर तो 'पाऊस'. २०२५ साली २६ मेलाच मान्सून येऊन थडकला तेव्हा सगळ्यांचे आकडे चुकले होते, वाळवणही भिजलं होतं, आणि जमलेल्या पैशांची भजी झाली होती. याला जुगार म्हणायचं नाही, वर्गणी म्हणायचं.

'पाचला कशी येऊ?' आजी म्हणाली. 'मी नऊ तारखेवर दहा रुपये लावलेत.'

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग ऑफिसच्या खिडकीशी गेले, आणखी आठ दिवसांचे पैसे भरले आणि पावती घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली.